'तसला काही विचार नाही ना?' याऐवजी नेमकं काय विचारायचं?

कवडसा | शुक्रवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पसारा झाला तर सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ, मला ताई म्हणणारा, एका संध्याकाळी न कळवता घरी आला. हातात त्याचा बुद्धिबळाचा पट. लाकडी, घडीचा, आत हिरव्या मखमलीत प्रत्येक मोहऱ्यासाठी वेगळा खळगा. शाळेत असल्यापासून त्या पटाला कुणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. "ताई, हा तुझ्या मुलाला राहू दे. तो नीट वापरेल." म्हटलं, अरे, तुला नको का? तर म्हणाला, "मी आता कुठे खेळतोय."

त्याआधी तीन-चार महिने त्याचं काही खरं नव्हतं. झोप उडालेली, फोन उचलायचा नाही, बोललं की अंगावर यायचा. त्या दिवशी मात्र एकदम शांत. मुलाला घोड्याची चाल शिकवली, दारात चपला घालताना हसलासुद्धा. मी रात्री मावशीला फोन केला, "काळजी सोड, सावरलाय तो."

तिसऱ्या दिवशी तो आयसीयूत होता. वाचला. आज बरा आहे, उपचार चालू आहेत, आणि हे सगळं त्याला विचारूनच लिहितेय.

नंतर मी आत्महत्येच्या धोक्याच्या लक्षणांच्या याद्या वाचत सुटले. आवडीच्या वस्तू देऊन टाकणं सगळ्या याद्यांत होतं. बिघडलेला माणूस अचानक शांत होणं, तेही होतं. पण खरं सांगू? यादी मला तोंडपाठ असती तरी मी काही केलं नसतं, कारण मला विचारताच आलं नसतं. आपल्या तोंडात काय येतं? "तू तसला काही विचार करत नाहीयेस ना?" आधी 'तसला', मग 'नाहीयेस', वर 'ना'. समोरच्याने काय उत्तर द्यायचं ते आपणच ठरवून टाकलेलं.

म्हणून विचारतेय. तुम्हाला कशावरून जाणवलं, आणि विचारलं असेल तर कुठल्या शब्दांत?

जुनाखोडरबर | शुक्रवार, रात्री ९:३२

वाचतोय. तो 'ना' जिव्हारी लागला. दोन वेळा मीच वापरलाय.

शांतश्रोता | शुक्रवार, रात्री १०:१५

नऊ वर्षं एका मदतवाहिनीवर स्वयंसेवक आहे. डॉक्टर नाही, फक्त कान तयार झालाय.

मराठीत मरण इतकं बोलण्यात आहे की खुणा त्यातच हरवतात. मरायला फुरसत नाही, हसून हसून मेलो, वाट बघून जीव गेला. हे सगळं बाहेर टाकलेलं बोलणं, त्याने काही होत नाही. माझे कान टवकारतात ते वेगळ्या वाक्यांना, आणि त्यांत 'मरण' हा शब्द बहुतेक वेळा नसतोच. "माझी सगळ्यांना अडचणच." "मी नसले तर तुमचं सुरळीत होईल." "माझ्यावर आता आणखी पैसे घालू नका." "तेवढं आवरलं की मी मोकळा." आवाज चढलेला नसतो. हिशेब मांडावा तसं बोलतात.

थॉमस जॉइनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये जी मांडणी केली तिच्यात दोन गोष्टी एकत्र येणं धोक्याचं धरलंय: आपण इतरांवर ओझं आहोत असं वाटणं, आणि आपलं असं कुणी उरलं नाही असं वाटणं. तेव्हा 'ओझं', 'अडचण', 'भार' हे शब्द कुणी स्वतःबद्दल वापरायला लागलं की तिथे थांबायचं. "छे, काहीतरीच काय बोलतोस" म्हणून पुढे जायचं नाही. 'काहीतरीच काय' म्हटलं की दार लागतं.

आता प्रश्न. मी असा विचारतो: "इतकं सगळं एकदम अंगावर आलं की काही जणांना आत्महत्येचे विचार येतात. तुम्हाला येतात का?" शब्द तोच, आत्महत्या. ज्येष्ठ माणसाला तो परका वाटेल असं वाटलं तर "जीव द्यावासा वाटतो का?" विचारून झालं की गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. शिकाऊ स्वयंसेवक हमखास तिथेच घाई करतात आणि स्वतःच म्हणून टाकतात, "नाही, म्हणजे मी आपलं सहज विचारलं."

तर्कट | शुक्रवार, रात्री १०:४८

विरोधासाठी विरोध नाही, पण दोन शंका. एक, ज्याच्या डोक्यात नाही त्याच्या डोक्यात आपण किडा सोडत नाही का? दोन, आमच्याकडे म्हणतात ना, गर्जेल तो पडेल काय. बोलून दाखवणारे बहुतेक लक्ष वेधायला बोलतात. आणि ज्याने ठरवलंय तो आज अडवला तर उद्या करेलच.

(या तीन झाल्या. असो.)

आडवाटेचा | शुक्रवार, रात्री ११:२०

तर्कट, तिन्ही शंका अभ्यासकांनाही आल्या होत्या, आणि त्यांनी त्या तपासल्यात.

किड्याबद्दल. २००५ मध्ये मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर हाच प्रयोग केला. निम्म्यांना पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येचे प्रश्न होते, निम्म्यांना नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना त्रास वाढला होता ना विचार. जी मुलं आधीच नैराश्यात होती ती उलट थोडी कमी अस्वस्थ निघाली.

'उद्या करेलच' बद्दल. रिचर्ड सेडन यांनी १९७८ मध्ये अशा ५१५ लोकांचा माग प्रसिद्ध केला, ज्यांना ऐन क्षणी कुणीतरी अडवलं होतं. सरासरी पंचवीसहून जास्त वर्षं उलटली होती. सुमारे ९४ टक्के लोक एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेलेले होते. ती तीव्र वेळ भरतीसारखी असते, चढते तशी ओसरते. म्हणून हाताशी साधन नसणं आणि शेजारी माणूस असणं या साध्या गोष्टींना इतकं महत्त्व आहे.

आणि म्हण पावसाबद्दल आहे. यातला गर्जेल तो पडतो, न गर्जेल तोही पडतो. मुद्दाम लक्ष वेधत असेल तर लक्ष द्यावं की! एवढं करून लक्ष मागावं लागतंय म्हणजे त्याला त्याची गरजच असणार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर वर्षी ७ लाख २० हजारांहून जास्त माणसं अशी जातात, आणि १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांत हे तिसरं.

पानगळ | शनिवार, सकाळी ६:५०

रात्री वाचलं, झोपले, सकाळी लिहितेय. मी त्या बाजूला जाऊन आलेय. सहा वर्षं झाली.

आधी काय उपयोगाचं नव्हतं ते. "मुलांचा विचार कर." अहो, मुलांचाच विचार करत होते! माझ्यासारख्या आईपासून त्यांची सुटका होईल, हाच तर विचार होता. तो चुकीचा होता हे आज कळतं, तेव्हा गणितासारखा बरोबर वाटायचा. "तुला कशाची कमी आहे?" याने लाज तेवढी वाढली. "चांगला विचार कर", "बाहेर जाऊन ये"... सोडा.

उपयोग झाला तो वहिनीचा. माझ्याशी फार जवळीक असलेली बाई नव्हे, जरा फटकळच. तिने एका रात्री स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "तुम्हाला मरावंसं वाटतंय का हो?" मी हो म्हटलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिथेच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बरं. आजची रात्र कशी काढायची ते बघू." उद्याचं नाही, आयुष्याचं नाही, आजच्या रात्रीचं. माझ्या खोलीत गादी टाकली. घरातल्या दोन-तीन वस्तू उचलून तिच्या माहेरी नेऊन ठेवल्या, मला सांगून. सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली आणि मला शब्द सुचेनात तेव्हा माझं वाक्य तिने पूर्ण केलं.

कवडसा, भावाच्या शांतपणाबद्दल स्वतःला फाडून खाऊ नका. तो शांतपणा बाहेरून बरं वाटल्यासारखाच दिसतो, आणि कधीकधी खरोखर बरं वाटलेलंही असतं. बघून फरक कळत नाही. विचारूनच कळतो.

कवडसा | शनिवार, सकाळी ८:०५

पानगळ, काय बोलू. धन्यवाद.

मी भावाला एकदा विचारलं होतं, त्या संध्याकाळी मी सरळ विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? त्याने बराच विचार केला. म्हणाला, "माहीत नाही, ताई. पण खोटं बोलायला जड गेलं असतं."

जुनाखोडरबर | शनिवार, सकाळी ९:४०

वर्गातल्या मुलांचं सांगतो, मास्तर आहे. मोठी माणसं गप्प होतात, मुलं कित्येकदा उग्र होतात. आदळआपट, मारामारी, वेगात गाडी, दांड्या. आपण शिस्तीचा प्रश्न समजून पालकांना बोलावतो आणि वर आगीत तेल. मी आता यादीपेक्षा एकच बघतो: हा पोरगा त्याच्या नेहमीपेक्षा वेगळा वागतोय का? बडबड्या गप्प झाला, टापटीप मुलगी चार दिवस केस न विंचरता आली, चित्रं काढणाऱ्याने वही मित्राला देऊन टाकली. गप्प मुलगा गप्प असेल तर ते त्याचं नेहमीचंच. तुलना दुसऱ्यांशी करायची नाही, त्याच्या स्वतःशी करायची.

स्वरूपा | शनिवार, रात्री ८:२५

माफ करा, मध्येच घुसतेय, पण मला आत्ता उत्तर हवंय. प्रयोगशाळेतला एक सहकारी. गेले दोन महिने जागरणं, पहाटे तीनला मेसेज. परवा सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडला. काल त्याच्या संगणकाचा पासवर्ड मला पाठवला, "कुणाला माझा डेटा लागला तर." आज दुपारी मेसेज, "आजवरच्या सगळ्यासाठी आभार." एकटा राहतो. माझी त्याची मैत्री म्हणावी इतकी नाही. मी कोण लागून गेले विचारणारी? माझा गैरसमज असेल तर?

शांतश्रोता | शनिवार, रात्री ८:३१

गैरसमज असेल तर पाच मिनिटं अवघडल्यासारखं होईल, एवढंच. आत्ता फोन करा. मेसेज नको, फोन. उचलला तर सांगा, "तुझा मेसेज वाचून मला काळजी वाटली. तू आत्महत्येचा विचार करतोयस का?" मैत्री लागत नाही त्याला. पासवर्ड त्याने तुम्हालाच पाठवलाय.

हो म्हणाला तर तीन गोष्टी, घाई न करता: काही ठरवलंय का, कधी, आणि जे ठरवलंय ते हाताशी आहे का. तिन्हीची उत्तरं ठाम आली तर ही तातडीची वेळ आहे. त्याला एकटं सोडायचं नाही. फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून रुग्णवाहिकेला किंवा आपत्कालीन क्रमांकाला कळवा. जवळ कोण राहतं? त्याला सोबत घेऊन जा, एकट्या जाऊ नका. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मागेल तो. तेव्हा म्हणा, "तुला वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन, आणि तुला सांगून सांगेन." फोन उचलला नाही तर थेट दारात.

आडवाटेचा | शनिवार, रात्री ८:३४

तुम्ही कुठे आहात माहीत नाही म्हणून मदतवाहिन्यांचे सगळे नंबर देतो. भारतात टेली मानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अमेरिका आणि कॅनडात ९८८. ब्रिटन, आयर्लंडमध्ये समॅरिटन्स, ११६ १२३. ऑस्ट्रेलियात लाइफलाइन, १३ ११ १४. काळजी करणाऱ्यानेही हे नंबर लावावेत, आपण त्याच्याशी काय बोलायचं तेही विचारता येतं.

तर्कट | शनिवार, रात्री ८:५०

पोलिसांचं लचांड तर लागणार नाही ना तिच्या किंवा त्याच्या मागे? लोक याच भीतीने दवाखान्यात नेत नाहीत.

मीनाक्षी_क | शनिवार, रात्री ९:०२

मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे. भारतापुरतं सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं, त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ वं कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. या भीतीने कुणी दार ठोठवायचं थांबू नका.

कवडसा | शनिवार, रात्री १०:३०

स्वरूपा, जमेल तेव्हा फक्त एक टिंब टाका.

स्वरूपा | शनिवार, रात्री ११:५५

.

जुनाखोडरबर | रविवार, रात्री १२:०१

हुश्श.

मीनाक्षी_क | रविवार, सकाळी १०:२०

स्वरूपा येईपर्यंत दोन गोष्टी लिहून ठेवते, लोक इथेच चुकतात.

गोळ्या सुरू झाल्या म्हणजे सुटलो, असं नाही. नैराश्याच्या औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीच्या दिवसांत जास्त लक्ष ठेवायचं, अस्वस्थता वाढली तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे फार नाजूक. घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात.

दुसरं, सुरक्षा आराखडा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला, एका कागदावर मावणारा. विचार चढायला लागले की मला आधी काय होतं. एकट्याने काय केलं की थोडं सुटतं. कुठे, कुणात जाऊन बसलं की मन वळतं. मदत कुणाकडे मागायची. कुठल्या डॉक्टरांना, कुठल्या नंबरवर फोन. आणि घर सुरक्षित कसं करायचं. शांत असताना, त्या माणसाच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात लिहायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आपत्कालीन विभागात आलेल्या ज्या रुग्णांबरोबर हा आराखडा केला आणि नंतर फोनवर विचारपूस चालू ठेवली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. आमच्याकडे एका आजोबांनी 'कशाने सुटतं' समोर लिहिलं होतं: "रेडिओ उघडून पुन्हा जोडणे." तसंच ठेवलं. तिथे ध्यान-प्राणायाम लिहायला लावला असता तर त्यांनी तो कागद पुन्हा उघडलाच नसता.

तर्कट | रविवार, सकाळी ११:४५

गर्जणाऱ्या ढगाचं मी मागे घेतो. पण एक राहतंच. घरातल्या माणसाकडे कायम संशयाने बघत बसायचं का? त्याचाही जाच होतो.

पानगळ | रविवार, दुपारी १:१५

होतो ना! मला बाथरूमला दोन मिनिटं जास्त लागली की दारावर थाप. शेवटी आम्ही ठरवून घेतलं. दिवसातून एकदा वहिनी विचारणार, "आज किती?" मी शून्य ते दहा आकडा सांगणार. सातच्या वर गेला तर ती माझ्याजवळ येऊन बसणार. बाकी वेळ मला मोकळं सोडायचं. खोटा आकडा सांगायचा नाही एवढीच माझी बाजू.

आणखी एक, बरी झाल्यावरचं. एक मैत्रीण वर्षभर दर पंधरा दिवसांनी मेसेज टाकायची, खाली कायम तेच: "उत्तर द्यायची गरज नाही." मी खरोखरच देत नव्हते. पण वाचत होते.

आडवाटेचा | रविवार, दुपारी २:००

तुमच्या मैत्रिणीने नकळत एक जुना प्रयोग केला. जेरोम मोटो नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारी किंवा मध्येच सोडणारी ८४३ माणसं त्यांना मिळाली, १९६९ पासून. निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. आठवण आली, बरे असाल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर कळवा. ना उपदेश, ना तपासणीची तारीख. पत्रं मिळालेल्यांत पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. औषध नाही, चार ओळींचं पत्र!

स्वरूपा | सोमवार, सकाळी ७:३०

आता लिहिते. शनिवारी त्याने फोन उचलला नाही. शेजारच्या विभागातल्या एका दादांना घेऊन गेले. दार त्याने दहा मिनिटांनी उघडलं. मी ठरवलेलं वाक्य विसरले, घशातून नुसतं "आत्महत्या करतोयस का?" एवढंच बाहेर पडलं, तेही नको तितक्या मोठ्याने. तो चिडला. "तुला काय करायचंय, तू जा." मग मी मनात दहा मोजले. खरंच मोजले. सातापर्यंत आले तेव्हा तो कॉटवर बसला आणि म्हणाला, "आज नाही. उद्या."

पुढचं त्याचं आहे, ते लिहीत नाही. दादा रात्रभर थांबले. मदतवाहिनीवर आधी मी बोलले, मग फोन त्याच्याकडे दिला. तो चाळीस मिनिटं बोलला, आम्ही जिन्यात बसलो. धोक्याची होती ती वस्तू दादांनी त्याच्या खोलीतून नेली. काल त्याची बहीण येऊन पोचली, आज अकराला डॉक्टर. माझ्याशी तो अजून धड बोलत नाही. रागावलाय बहुतेक, राहू दे.

पासवर्ड मात्र त्याने रात्री बदलला. बहिणीच्या फोनवरून मेसेज आला, "जुना चालणार नाही, माझा डेटा मला लागणारे."

शांतश्रोता | सोमवार, सकाळी ७:४१

तुम्ही झोपलात का कालपासून? आधी झोपा. आणि संध्याकाळी कुणाशी तरी स्वतःबद्दल बोला. तोच नंबर तुमच्यासाठीही आहे.